‘मदरबोर्ड गेला’ म्हणाले होते

पावसाळाभर कपाटात पडलेला लॅपटॉप गणपतीच्या आदल्या दिवशी काढला. आजोबांच्या आरत्यांचे व्हिडिओ त्यातच होते. बटण दाबलं, दिवा लागला, पंखा घुरघुरला, पण स्क्रीन काळीच. पाच सेकंदांत सगळं बंद, मग आपोआप चालू, परत बंद. दुकानदाराने झाकणही न उघडता निकाल दिला, “मदरबोर्ड गेला. नवीनच घ्या.” मदरबोर्ड म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड.

रागाने म्हणा किंवा कंजूषपणाने, मी घरीच उघडायचं ठरवलं. चार्जर, बॅटरी काढून, आत उरलेली वीज निघून जावी म्हणून पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं. फरक शून्य. अंधारात स्क्रीनवर टॉर्च मारला. फक्त बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा दिवा, गेला असेल तर अंधुक चित्र दिसतं. तेही नाही.

मग खालचे दोन स्क्रू. आत रॅमच्या, म्हणजे तात्पुरत्या मेमरीच्या, दोन पट्ट्या, डीडीआर३ प्रकारच्या, दोन-दोन जीबीच्या. बाजूच्या क्लिपा फाकवल्या की पट्टी टुणकन तिरपी वर येते. सोनेरी दातांवर काळपट थर होता. आमच्या कोकणात पावसाळ्यात चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते, तिथे हे काय! भाचीचं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवलं, चुरा ब्रशने झटकला आणि आधी एकच पट्टी बसवली. कंपनीचा लोगो आला! दुसरी बसवली, तरी आला.

आनंद मिनिटभराचा. विंडोज सुरू होता होता निळी स्क्रीन, कोडच्या शेवटी ७बी, म्हणजे विंडोजला आपली डिस्कच सापडत नव्हती. एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, गेलो तर तारीख १ जानेवारी २०१०. ही सेटिंग लक्षात ठेवायला लागणारा बोर्डावरचा बटणासारखा सेल मेलेला, त्यात बॅटरी आणि चार्जर मीच काढलेले, म्हणजे बायोस सगळं विसरणारच. हार्ड डिस्कशी बोलण्याचा मोड एएचसीआयवरून जुन्या पद्धतीच्या आयडीईवर गेला होता. तो परत फिरवला आणि विंडोज मुकाट सुरू झालं.

सेल सीआर२०३२, ३ व्होल्टचा. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्या काकांनी जुन्याला मीटर लावला आणि नुसती मान हलवली. नवा बसवून तारीख आणि मोड पुन्हा सेट केले.

सगळ्यात आधी व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेतले. संध्याकाळी आरतीनंतर लावले. टाळांच्या गलक्यातही आजोबांचा आवाज वेगळा कळत होता. आई म्हणाली, “जरा मोठा कर रे.” स्पीकर मात्र तेवढाच होता.