तुम्ही विचारलंत म्हणून : बऱ्हाणपूरला मुक्काम कुठे करायचा?

"बऱ्हाणपूरला राहायला स्वस्तातलं काही मिळतं का हो?" असं मला पुण्या-मुंबईकडचे लोक विचारतात. जळगाव-भुसावळची माणसं वेगळंच विचारतात. "अहो, तासाभराचं गाव ते. तिथे मुक्काम कशाला?" दोन्ही प्रश्न इतक्यांदा येतात की आता एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आधी आपल्या माणसांचं. भुसावळहून खंडव्याच्या बाजूला जाणाऱ्या गाडीत बसलं की सावदा, रावेर मागे टाकत सुमारे ५५ किलोमीटरवर बऱ्हाणपूर येतं. माझं माहेर रावेर तालुक्यातलं. लग्नाचा बस्ता, मावा जिलेबी, इच्छापूरची देवी, अशा कुठल्या ना कुठल्या निमित्ताने हे गाव लहानपणापासून पायाखालचं. पण आमच्याकडच्या बहुतेकांनी ते फक्त भरदुपारी पाहिलंय. सकाळची गाडी, अकराला गावात, बाराच्या उन्हात किल्ला, मग जिलेबी, आणि पाचला परत स्टेशन. इंग्रजांच्या राज्यात ते निमाड जिल्ह्यात होतं, पुढे मध्य प्रदेशात राहिलं, आणि हळूहळू आपल्या मनातही परकं झालं. वास्तविक १४०० च्या सुमारास नासीर खान फारुकीने ताप्तीकाठी वसवलेलं हे गाव म्हणजे जुन्या खानदेशाची राजधानी. धुळं-जळगाव जिल्हे म्हणून ओळखले जाण्याच्या कितीतरी आधी खानदेशचा कारभार इथून चालायचा. आपल्याच राजधानीत एक रात्रही राहायचं नाही, हे मला मनापासून खटकतं.

आणि हे गाव खरंच सकाळी नि संध्याकाळीच भेटतं. म्हणून माझं उत्तर असं: तीन रात्री राहा, आणि परकोटाच्या आत राहा.

परकोट म्हणजे अठराव्या शतकात निजामुल्मुल्काने, म्हणजे हैदराबादच्या पहिल्या निजामाने, बांधलेली शहराची भिंत. भिंत बरीचशी पडली, पण दरवाजे आणि त्यांची नावं टिकून आहेत. शनवारा, इतवारा, शिकारपुरा, लोहारमंडी. पत्ता विचारला की लोक अजून दरवाज्यावरूनच सांगतात. बाहेरच्या माणसाचा घोटाळा होतो तो रेल्वे स्टेशनपाशी. स्टेशन मूळ गावात नाही, लालबागला आहे, तीन-चार किलोमीटर लांब. मोबाइलवर जागा शोधताना 'स्टेशनपासून दोन मिनिटं' असं वाचून मन तिकडे जातं, भाडंही कमी दिसतं. पण मग रोज रिक्षा करून गावात यायचं, दुपारी दमून परत जायचं, संध्याकाळी पुन्हा यायचं. दोन दिवसांनी माणूस संध्याकाळचं बाहेर पडणंच सोडून देतो. वाचवलेले पैसे रिक्षाला जातात आणि गाव हातचं जातं ते वेगळंच.

गावात मोठ्या शहरांसारख्या रोजच्या भाड्याच्या सजवलेल्या सदनिका रांगेने मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. जे मिळतं ते बहुधा असं असतं: खाली घरमालक, वर दोन खोल्या, एक ओटा, गॅसची शेगडी, चार भांडी आणि गच्ची. किंवा नव्या इमारतीतला एखादा फ्लॅट, ज्याचा मालक इंदूरला किंवा सुरतेला असतो आणि चावी शेजाऱ्याकडे. दोन्ही चालतात. मला वरचा मजला आवडतो, कारण खाली माणूस असतो.

जागा ठरवण्याआधी मी घरमालकाला एकच विनंती करते. व्हिडिओ कॉल लावा, आणि रस्त्यापासून खोलीपर्यंत फोन हातात धरून चालत या. फोटोत न दिसणारं सगळं त्यात कळतं. जिना किती उभा आहे, कठड्याच्या जागी नुसता दोर आहे का, संडास वर आहे की खाली अंगणात, खिडकी गल्लीत उघडते की शेजारच्या भिंतीवर. बरोबर सासूबाई असतील किंवा लहान मूल असेल तर त्या उभ्या लाकडी जिन्याचा विचार आधी करा, बाकी सगळं नंतर.

मग विचारायचं पाण्याचं. नळ रोज येतो की एक दिवसाआड? कितीला येतो? गच्चीवर टाकी आहे का, आणि ती फक्त तुमची की चार घरांत एक? एका घरमालकीण मावशींनी मला किल्ली देतानाच सांगितलं होतं, "बाई, सकाळीच भरून ठेवजो सगळं, मग नळ परवाच." त्यांनी मोरीत दोन पिंपं आणि ओट्याखाली तांब्याचा हंडा ठेवलेला होता, हंड्यावर ताटली, ताटलीवर पालथा पेला. असं घर मिळालं की समजावं, इथे आपली आबाळ होणार नाही.

या गावात पाण्याचा प्रश्न मी इतका लावून धरते त्याला अजून एक कारण आहे. इथे चारशे वर्षांपूर्वी पाण्याचं जे काम झालं ते पाहिल्यावर नळाकडे पाहण्याची नजर बदलते. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना सुभेदार असताना (दोहे लिहिणारा रहीम तो हाच), सातपुड्यातून जमिनीखाली झिरपत ताप्तीकडे जाणारं पाणी वाटेतच धरलं गेलं. जमिनीखालून बोगदा, आणि त्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या, शंभराच्या वर. पंप नाही, मोट नाही. उतार असा धरला की पाणी आपलं आपण गावात चालत आलं. कुंडी भंडारा म्हणतात तो हा. तिथे लिफ्टने सुमारे ऐंशी फूट खाली उतरता येतं. खाली पाणी पायाला लागतं, बाजूच्या भिंतींवर क्षारांचा पांढरा थर चढलेला, आणि डोक्यावर लांबवर कुंडीच्या तोंडाएवढं आभाळ. लिफ्ट चालू आहे की बंद, हे आदल्या दिवशी घरमालकाकडून विचारून घ्या. हेही गावात राहण्याचा एक फायदाच. एका दिवसासाठी आलेला माणूस बंद लिफ्ट बघून परत जातो, तुम्ही दुसऱ्या दिवशी जाऊ शकता.

तिसरा प्रश्न आवाजाचा. बऱ्हाणपूर विणकरांचं गाव आहे. सतराव्या शतकात इथलं तलम कापड इराण-तुर्कस्तानापर्यंत जायचं, आणि आज गल्ल्यागल्ल्यांत पॉवरलूम आहेत. दिवसा तो खट्याक-खट्याक आवाज ऐकायला छान वाटतो. मी तर उंबऱ्याशी थांबून बघते, आणि विचारलं तर बहुतेक जण आत बोलावतात. पण रात्रपाळीचा माग भिंतीला भिंत लागून असेल तर झोप लागत नाही. म्हणून सरळ विचारा, "शेजारी लूम आहे का, आणि रात्री चालतो का?" हा प्रश्न इथे कुणाला विचित्र वाटत नाही.

राहायच्या जागेची तक्रार मात्र इथे फार जुनी आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात जहांगीरच्या मुलाला, परवेझला भेटायला बऱ्हाणपुरात आला होता. कोतवालाने त्याला सराईत उतरवलं. दर्शनी भाग दगडी, देखणा. आत मात्र भट्टीसारख्या, वरून गोल, विटांच्या चार खोल्या. त्याने ते सगळं रोजनिशीत लिहून ठेवलंय. दर्शनी भागावर जाऊ नका, आतली खोली बघा, हा सल्ला मी त्याच्या नावावरही देऊ शकते.

पैशांचं थोडक्यात. एका रात्रीचा भाव विचारू नका, तीन रात्रींचा मिळून विचारा, फरक पडतो. सगळे पैसे आधी पाठवू नका, थोडी रक्कम देऊन जागा धरा आणि बाकी खोली बघून द्या. गॅस, वीज, अंथरूण-पांघरूण भाड्यात आहे का, ते मेसेजवर लिहून घ्या, तोंडी नको. आधारची प्रत मागतात, मागायलाच हवी. फक्त त्या प्रतीवर आडवं 'बऱ्हाणपूर मुक्कामासाठी' असं तारखेसह लिहून द्या. गुडघ्यांचा त्रास असेल, किंवा पाणी भरणं, चहा करणं यातलं काहीच नको असेल, तर मध्य प्रदेश पर्यटनाचं ताप्ती रिट्रीट आहे, तिथे जा. स्वयंपाकघर नको असेल तर फ्लॅटचा काही उपयोग नाही.

मला ते हवं असतं, कारण बाजार. थंडीत इथल्या भाजीबाजारात भरताची वांगी बघून हात आवरत नाही. संध्याकाळी गॅसवर वांगं भाजायचं, कांद्याची पात, शेंगदाणे, हिरवी मिरची, आणि गच्चीवर बसून जेवायचं. मांडे मात्र विकत आणा. आपल्याकडच्या खापरावरच्या पुरणाच्या मांड्यांपेक्षा हे वेगळे, मैद्याचे, हातावर फिरवून फिरवून चादरीएवढे मोठे केलेले. मावा जिलेबी सगळ्यांना ठाऊक आहे. दराबा ठाऊक नसतो. रवा, तूप, साखर फेटून फेटून केलेला, तोंडात विरघळणारा. तो घ्याच.

आता फिरायचं कसं. पहाटे उठून राजघाटावर जा. शाही किल्ला तिकीट काढून आतून सगळेच बघतात, पण तो नदीच्या पात्राकडून बघितला की त्याची खरी उंची कळते. उन्हं चढायच्या आत किल्ल्यात शिरा आणि हमामखान्यात, म्हणजे शाही स्नानगृहात, जरा जास्त वेळ काढा. छतावरची रंगीत नक्षी अजून शाबूत आहे, तिरप्या उजेडात ती नीट दिसते. शहाजहान बादशहा आपला सरदार खानजहान लोदी याच्या बंडामुळे दक्षिणेत आला होता, तेव्हा इथेच, १७ जून १६३१ ला, चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल गेली. नदीपलीकडे जैनाबादेत आहूखाना, म्हणजे हरणांची जुनी शाही बाग आहे. तिथे तिला आधी दफन केलं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचं पार्थिव आग्र्याला नेलं. ताजमहालाला जाणारी लाखो माणसं आणि आहूखान्याला जाणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मी दर वेळी पाहुण्यांना तिथे नेते. बघायला फार काही उरलेलं नाही, तरी नेते.

दुपारी खोलीवर या, जेवा, झोपा. चारनंतर गांधी चौकातली जामा मशीद. पंधरा कमानींची, घुमट नसलेली, १५९० च्या सुमारास राजा अली खान फारुकीने बांधलेली. आत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे, फारुकींची वंशावळ सांगणारा. नमाजाची वेळ टाळून, परवानगी विचारून आत जा. शुक्रवारी दुपारी जाऊ नका. शिलालेख कुठे आहे ते विचारलं तर कुणीतरी सोबत येऊन दाखवतं.

आपल्या माणसांना मी राजाची छत्री आवर्जून दाखवते. पुरंदरच्या तहातला मिर्झाराजे जयसिंग १६६७ मध्ये बऱ्हाणपुरातच वारला, त्याची ही छत्री ताप्तीकाठी. शाळेत तह पाठ केलेला असतो, पण हा माणूस आपल्या इतक्या जवळ गेला हे कुणाला माहीत नसतं. १६८१ मध्ये संभाजीराजांच्या फौजेने लुटलेलं बहादूरपूरही इथलंच उपनगर. गुरू गोविंदसिंग नांदेडला जाताना इथे थांबले, त्यांची आठवण सांगणारा बडी संगत गुरुद्वारा आहे. बोहरा समाजाची दर्गाह-ए-हकीमी आहे, अतिशय स्वच्छ आणि शांत. तिथल्या उरुसाच्या दिवसांत गावात खोली मिळणं कठीण, तेव्हा तारीख ठरवण्याआधी घरमालकाला तेवढं विचारून घ्या.

असीरगडासाठी एक पूर्ण सकाळ ठेवा. खंडव्याच्या रस्त्यावर सुमारे २० किलोमीटर. दक्षिणेचा दरवाजा म्हणायचे त्याला, आणि अकबराला तो घ्यायला १६०१ उजाडलं. खाण्याचा डबा आणि भरपूर पाणी खोलीवरूनच घेऊन निघा.

मार्च ते जून जाऊ नका. आपल्या खानदेशचं ऊन मी वेगळं सांगायला नको, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्रीसुद्धा छत तापलेलं असतं. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. त्यासाठी नवरात्राच्या आधीच फोनाफोनी सुरू करा. परकोटाच्या आत, पाण्याची टाकी असलेल्या, रात्री लूम नसलेल्या जागा मोजक्याच असतात आणि त्या लवकर जातात.