डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींत तीन दिवस

लोअर परळला उतरल्यावर पत्ता विचारताना ना. म. जोशी मार्ग म्हणू नका, डिलाईल रोड म्हणा, लगेच कळतं. मी जानेवारीत तीन दिवस इथल्या बीडीडी चाळींत फिरले, गिरणगावातलं रोजचं जगणं लिहून घ्यायला, म्हणजे पाणी कधी यायचं, कोण कुठे झोपायचं, डबे कोण करायचं वगैरे. काही चाळी पाडून झाल्यात, शेजारी टॉवरचं काम जोरात चालू आहे, त्यामुळे कुणाच्या मनात असेल तर लवकर जा.

थोडी माहिती आधी करून घ्या, बोलताना उपयोगी पडते. १९२० साली सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट काढलं, त्याने बांधल्या म्हणून बीडीडी. एकूण २०७ चाळी, त्यातल्या वरळीला १२१, नायगावला ४२, इथे ३२ आणि शिवडीला १२. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. "इंग्रजांनी जेल म्हणून बांधल्या" असं बरेच जण सांगतात, ते तसं नाही, बांधल्या राहण्यासाठीच, पण सुरुवातीला बऱ्याच रिकाम्या पडून होत्या आणि सविनय कायदेभंगाच्या वेळी वरळीच्या चाळींत सत्याग्रहींना कोंडलं होतं, तिथून ती गोष्ट आली असावी.

बाकी गिरगावसारखी मोकळी गॅलरी इथे शोधू नका. मधून पॅसेज आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं, त्यामुळे दिवसाही पॅसेजमध्ये दिवा लागतो. पिंपं, सायकली, चपलांची स्टँडं, वाळत घातलेले कपडे सगळं तिथेच, आणि संडास मजल्यावर सगळ्यांचे मिळून.

पहिला दिवस माझा फुकट गेला. वही काढून मी विचारत सुटले, "आजी, चाळीचा इतिहास सांगा ना," तर आजी म्हणाल्या, "आमचा कसला गं इतिहास, राहिलो, पोरं वाढवली." बरोबरच होतं त्यांचं. दुसऱ्या दिवशी मी फक्त एवढंच विचारलं की रात्री कुणाचं अंथरूण कुठे असायचं, तर आजी उठल्याच, पायाने जमिनीवर रेघ मारून दाखवायला लागल्या, इथे सासूबाई, इथे नणंदा, मोरीकडे डोकं करून मी आणि तान्हा, पोटमाळ्यावर दीर, मोठी पोरं बाहेर पॅसेजमध्ये. नवरा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, रातपाळी असली की सकाळी येऊन त्याच जागेवर झोपायचा, मग पोरांना खोलीबाहेर काढायचं आणि भांडीसुद्धा आवाज न करता घासायची. हे सांगताना समोरच्या खोलीतल्या काकू आल्या, मग अजून एक, आणि दोन तास कसे गेले कळलं नाही.

खाणावळींबद्दल नक्की विचारा. गावाकडून एकटे आलेले गडी दहा-पंधरा जण मिळून एक खोली घ्यायचे आणि जेवायला एखाद्या बाईकडे महिना लावायचे. या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गडी गावी निघून गेले आणि एका काकूंच्या आईकडे महिन्यांची उधारी तशीच राहिली, ती वही त्यांनी अजून ठेवलीय. मी तिचा फोटो काढला नाही, त्यात लोकांची नावं आहेत.

आता जाणाऱ्यांसाठी. आधी चाळीच्या मंडळाच्या ऑफिसात जाऊन तुम्ही कोण, कशाला आलात ते सांगा, कॉलेजचं पत्र असेल तर दाखवा. खोली कुणाच्या नावावर, भाडेपावती आहे का, असलं काही विचारू नका, पुनर्विकासात पात्र-अपात्रचा, म्हणजे नवं घर कुणाला मिळणार आणि कुणाला नाही याचा घोर लोकांच्या डोक्यावर आहे, तुम्हाला सर्व्हेवाले समजतील आणि दार बंद होईल. पाण्याच्या वेळेला आणि दुपारी एक ते चार जाऊ नका. सकाळी अकरा किंवा संध्याकाळी पाचनंतर बरं. चप्पल दाराबाहेर, चहाला नाही म्हणू नका, रेकॉर्डर विचारूनच लावा, पॅसेजचा फोटोसुद्धा विचारून, कारण तो रस्ता नाही, त्यांच्या घराचाच भाग आहे. मी न विचारता एक काढला होता, एका ताईने सरळ डिलीट करायला लावला आणि मी केला.

जुने कागद बघायचे तर फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. सरकारचं लेबर ऑफिस १९२१ मध्ये सुरू झालं, त्यांनी तेव्हाच कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली होती, ती बघून मग आज्यांशी बोललात तर प्रश्न नेमके सुचतात.

आणि कृपा करून तिथे जाऊन "चाळसंस्कृती संपली हो" असा गळा काढू नका. ५०० फुटांच्या नव्या घराबद्दल बायकांनी मला सगळ्यात आधी काय सांगितलं तर स्वतःचा संडास. रात्री एकटीने पॅसेजच्या टोकाला जायची भीती ज्यांनी जन्मभर काढली त्यांना तो आनंद होणारच.

मेजर टेप आणि चौकटीची वही मात्र न्याच. मी खोलीचा नकाशा काढून तिसऱ्या दिवशी त्याची झेरॉक्स आजींना दिली, त्यांनी चष्मा लावून बघितली आणि म्हणाल्या, "देव्हारा राहिला की गं," मग मी तिथेच बसून काढला.