शेवटच्या फेरीतला लोपेझ

2025-26 च्या हंगामाआधी आमच्या NBA बास्केटबॉल फॅन्टसी लीगचा (खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर आपल्या काल्पनिक संघाला गुण मिळतात) ड्राफ्ट, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडणं, झालं. शेवटच्या फेरीत मी सेंटर ब्रुक लोपेझचं नाव घेतलं आणि सगळे फिदीफिदी हसले. "अरे, सदतीस वर्षांचा आहे तो!" असेना का! 2024-25 मध्ये मिलवॉकीकडून 80 सामने खेळला, सामन्यामागे 1.9 ब्लॉक (समोरच्याचा शॉट अडवणं), वर थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे बास्केट). सात फुटी सेंटरकडून हे दोन्ही मिळणं किती अवघड, हे कॅटेगरी लीगवाल्यांनाच (जिथे ब्लॉक, रिबाउंड अशा प्रत्येक आकड्याची वेगळी लढत असते) कळेल. रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) मात्र सामन्यामागे जेमतेम 5, उंची बघून भुलू नका. धाकधूक होती ती मैदानावर मिळणाऱ्या मिनिटांची. 2025 मध्ये तो क्लिपर्स संघाकडे गेला; तिथे तेव्हा मुख्य सेंटर इवित्सा झुबात्स असताना हा बेंचवरूनच (राखीव म्हणून) येणार होता, आणि मिनिटं घटली की ब्लॉकही घटणार. तरी शेवटच्या फेरीत याहून बरं काय मिळतं? पॉइंट्स लीग (जिथे सगळ्या आकड्यांचे मिळून एकच गुण होतात) असती तर हातही लावला नसता.