लॅपटॉप सतत चार्जिंगला लावून ठेवला तर बॅटरी खराब होते का?

ओव्हरचार्ज होऊन बॅटरी फुटेल ही भीती आधी मनातून काढून टाका, कारण लिथियम आयन बॅटरीतलं सर्किट १०० टक्के झाले की चार्जिंग थांबवतं आणि पुढे लॅपटॉप थेट अडॅप्टरवरच चालतो. म्हणून प्लग लावून काम करण्यात धोका असा काही नाही.

पण बॅटरीचं आयुष्य कमी होतं का, तर हो, थोडंफार होतंच. फुल चार्जला बॅटरीतल्या एकेका सेलचा व्होल्टेज ४.२ व्होल्टच्या आसपास असतो आणि सेल महिनोन् महिने त्याच लेव्हलला राहिला की आतलं केमिकल हळूहळू झिजतं, त्यात लॅपटॉप गरम होत असेल तर मग विचारूच नका. माझ्या मते खरा शत्रू उष्णताच आहे. गादीवर, उशीवर ठेवून तासन् तास गेम खेळणं आणि वर चार्जर लावलेला, हे प्लीज टाळा!

बऱ्याच लॅपटॉपमधे आता ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायचं सेटिंग असतं, टेबलावरच काम असेल तर ते आजच चालू करा. आणि दर वेळी बॅटरी शून्यावर आणून मग चार्ज करायची सवय सोडा, ती जुन्या निकेल बॅटऱ्यांसाठी ठीक होती, लिथियमला उलट त्रासच होतो.

विंडोजमधे बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आत्ताची क्षमता) यातला फरक बघा, किती झिजलीय ते लगेच कळतं. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र वापर लगेच बंद.