मध्यंतरातली पंधरा मिनिटे

इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या मैदानांवर मिळणाऱ्या खाण्याबद्दल कोणी चांगले बोलताना मी फारसे ऐकलेले नाही. तरीही मध्यंतराची शिटी वाजायला पाच मिनिटे असतानाच माणसे खुर्च्या सोडून पायऱ्या उतरू लागतात, हे मात्र प्रत्येक सामन्याला दिसते. प्रेक्षागाराखालच्या सिमेंटच्या बोळात रांगा लागतात आणि त्या रांगांच्या टोकाला ठरलेला माल असतो. मैद्याच्या जाड पारीत खिमा आणि दाट रस्सा भरून भाजलेला मीट-पाय, शाकाहारी माणसासाठी चीज आणि कांद्याचा पाय, बटाट्याच्या तळलेल्या कापांचे मऊ पडलेले चिप्स, आणि बोव्हरिल हे गोमांसाच्या अर्काचे गरम, खारट पेय. बर्मिंगहॅमच्या पाकिस्तानी आणि काश्मिरी स्वयंपाक्यांनी रूढ केलेले बाल्टी चिकनही आता पारीत शिरले आहे, आणि माझ्या मते त्यातल्या त्यात तेच बरे, कारण मसाला बेचव मांसाला थोडेफार सांभाळून घेतो. पाण्याची बाटली घेतली तर विक्रेता तिचे झाकण काढून स्वतःकडे ठेवतो, कारण भरलेली, बंद बाटली रागाच्या भरात मैदानात भिरकावता येते. बाहेरच्या दुकानापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजून वर ती उघडी बाटली दोन्ही हातांतल्या खाण्यासकट सांभाळत जिना चढणे, हे कौशल्य सरावानेच येते.

या किमतींवर चिडणे सोपे आहे, पण विकणाऱ्याच्या बाजूने हिशेब मांडून पाहिला तर राग थोडा निवळतो. नियमानुसार मध्यंतर पंधरा मिनिटांपेक्षा मोठे असू शकत नाही. प्रीमियर लीग या सर्वांत वरच्या विभागातला संघ घरच्या मैदानावर हंगामात 19 साखळी सामने खेळतो. म्हणजे मध्यंतराची मिनिटे होतात 285, वर्षाकाठी पाच तासही नाहीत. त्याखालच्या तीन विभागांत घरचे सामने 23 असतात, म्हणजे पावणेसहा तास. सामन्याआधी थोडी विक्री होते हे खरे, परंतु ओव्हन, शीतकपाटे, वीजजोडणी, जागा आणि त्या दिवसापुरती आणलेली माणसे, या सगळ्यांचा खर्च मुख्यतः या मूठभर तासांतच वसूल करायचा असतो. त्यात 1985 च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या वरच्या विभागांच्या सामन्यांत मैदान दिसेल अशा जागी मद्य पिण्यास बंदी आहे. त्यामुळे बिअर हवी असलेले लोकही याच बोळात, याच पंधरा मिनिटांत येऊन उभे राहतात.

या हिशेबाने किंमत समजते, दर्जा मात्र समजत नाही. आपल्याकडे कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला घाट चढण्यासाठी मागे जादा इंजिने जोडतात, तेवढ्या वेळात बटाटेवडा खिडकीपाशी येतो आणि तो गरम असतो. वेळ तिथेही अपुरा आणि गिऱ्हाईक तिथेही डब्यात अडकलेले; पण गाड्या दिवसभर येत राहतात आणि कढई थंड होत नाही. मैदानावरचे पाय बहुधा दुसरीकडे तयार होऊन आलेले असतात आणि ते तापवून उष्ण कपाटात रांगेने मांडून ठेवलेले असतात. तासाभराने पारी खालून ओलसर होते आणि सारण मात्र जीभ भाजेल इतके तप्त राहते. मोठ्या क्लबांमध्ये हे काम बरेचदा बाहेरच्या कंत्राटदाराकडे असते आणि काउंटरवरच्या मुलीला आपण विकतो ते कोणी बनवले हे ठाऊक असण्याचे काही कारण नसते.

म्हणूनच ज्यांचे खाणे नावाजले जाते ते क्लब बहुतेक लहान आहेत. किडरमिन्स्टर हॅरियर्सच्या ॲगबरो मैदानावरचे सूप आणि कॉटेज-पाय यांची वाखाणणी पाहुण्या संघाचे पाठीराखेही करतात. मोरकॅम्ब क्लबच्या पायला पाय बनवणाऱ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत बक्षिसे मिळाली आहेत. स्कॉटलंडमध्ये किल्मार्नॉकचा पाय इतका प्रिय, की 2016 मध्ये त्याच्या नावावरून क्लब आणि पाय बनवणारी स्थानिक बेकरी यांच्यात जाहीर वाद झाला. इंग्लंडमधल्या फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स या क्लबने तर 2015 मध्ये मैदानावरून सगळेच प्राणिज पदार्थ हटवले, आणि तरी प्रेक्षक येत राहिले. दर पंधरवड्याला तीच दोन-तीन हजार माणसे येणार असतील आणि बेकरीवाला त्याच गावात राहत असेल, तर वाईट पाय विकणे जड जाते.

मोठ्या मैदानांवर चांगले अन्न नसते असे नाही. ते वरच्या मजल्यांवरच्या महागड्या तिकिटांच्या कक्षांत, काचेआड असते. नोव्हेंबर 2000 मध्ये डायनॅमो कीव्हविरुद्धच्या सामन्यानंतर मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार रॉय कीन आपल्याच प्रेक्षकांवर घसरला होता. काही जण पेय घेतात, कोळंबीचे सँडविच खातात आणि मैदानात काय चालले आहे हे त्यांना कळत नाही, असा त्याचा रोख होता. तेव्हापासून ते सँडविच श्रीमंत प्रेक्षकांना चिकटले. ताजी कोळंबी दोन मजले खाली का पोहोचत नाही, हा प्रश्न मात्र मागे पडला, आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो.

किंमत उतरवता येते हे अमेरिकेतल्या अटलांटाने दाखवले आहे. तिथे 2017 मध्ये उघडलेल्या मर्सिडीझ-बेंझ स्टेडियममध्ये अटलांटा युनायटेड फुटबॉल खेळते आणि त्याच मैदानावर अमेरिकन फुटबॉलही होतो. मालकांनी हॉट डॉग दोन डॉलरला ठेवला, शीतपेयही दोन डॉलरला आणि ते पुन्हा भरून घेणे फुकट. करासकट पूर्ण आकडे असल्याने सुट्ट्या पैशांचा घोळ उरला नाही आणि रांगा झपाझप पुढे सरकल्या. जुन्या स्टेडियमच्या तुलनेत दर निम्म्यावर येऊनही माणशी खर्च वाढला. लोक लवकर येऊ लागले आणि गर्दी मध्यंतरातून सामन्याआधीच्या तासावर पांगली. इंग्लंडमधल्या जुन्या मैदानांचे बोळ अरुंद आहेत आणि कंत्राटे वर्षानुवर्षांची असतात, त्यामुळे असे काही इथे चटकन होईल असे मला वाटत नाही. पण चहाला तर बोळ रुंद लागत नाही. कागदी पेल्यातले गरम पाणी, दोरीवर लोंबकळणारी चहाची पुडी आणि इवल्याशा डबीतले दूध, एवढ्याचे दोन-अडीच पौंड घेण्याचे समर्थन वरच्या हिशेबातूनही मला करता येत नाही.