अंड्यांवरचा पहारा

आमच्या रीफ टँकमधली, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतली, ऑसेलारिस क्लाऊनफिश या माशांची जोडी आता साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने अंडी घालते. त्याची चाहूल दोन दिवस आधीच लागते, कारण ॲनिमोनच्या (हे मासे ज्याच्या आसऱ्याला राहतात त्या फुलासारख्या समुद्री प्राण्याच्या) बुडाशी असलेल्या दगडाचा एकच कोपरा नर तोंडाने पुन्हा पुन्हा खरवडू लागतो आणि मादीच्या पोटाखाली अंडी घालण्याची पांढुरकी नळी दिसू लागते. मग मादी त्या दगडाला पोट घासत सावकाश पुढे सरकते, नर मागोमाग त्याच वाटेने जाऊन अंडी फलित करतो, आणि तासाभराने दगडावर नारिंगी दाण्यांचा दाट ठिपका उमटलेला असतो.

या जोडीत मादी थोराड आणि नर तिच्या निम्म्याने आहे. क्लाऊनफिशमध्ये कळपातील सर्वांत वरचढ मासा मादी होतो व त्याच्या खालोखालचा नर. मादी मेली तर तो नरच मादी होतो आणि हा बदल पुन्हा उलटत नाही. त्यामुळे दोन लहान मासे एकत्र सोडले की जोडी त्यांची तेच ठरवतात, आपण नर-मादी ओळखत बसण्याचे कारण उरत नाही.

अंड्यांची निगा मात्र बहुतांशी नरच राखतो. छातीचे पर हलवून तो त्यांच्यावर सतत पाणी खेळवतो, मेलेली, पांढरी पडलेली अंडी तोंडाने वेचून काढतो. मादीचे काम राखणदारीचे. काच पुसायला हात घातला की ती नेमकी नखाशेजारच्या कातडीला चावते. पहिल्या खेपेची अंडी या दोघांनीच तिसऱ्या दिवशी फस्त केली होती, पण नवख्या जोडीकडून असे होतेच, म्हणून मी ते फारसे मनावर घेतले नाही.

पुढे अंडी तपकिरी होतात आणि प्रत्येकात दोन चंदेरी डोळे चमकू लागले की फुटण्याची वेळ आली असे समजावे. २७ अंश सेल्सियसच्या आसपास सात ते आठ दिवसांनी, दिवे मालवल्यावर तास-दोन तासांत ती फुटतात. एकदा मी पंप बंद करायला विसरलो आणि अख्खी वीण ओव्हरफ्लोमधून, म्हणजे टाकीतले जादा पाणी वाहून नेणाऱ्या वाटेने, खाली गेली. आता मी अंधारात टॉर्च एका कोपऱ्यावर धरतो, उजेडाकडे ओढली जाणारी पिल्ले पेल्याने वेगळ्या टाकीत हलवतो आणि पहिले काही दिवस त्यांना रोटिफर हे अतिसूक्ष्म जलजीव देतो, कारण त्याहून मोठे खाद्य त्यांच्या तोंडात मावत नाही. माझ्या मते खरा कस इथेच लागतो. अंडी घालून घेणे त्यामानाने सोपे.

मँडरिन माशांना ही यातायात ठाऊकच नाही. दिवे मंदावताना जोडी पोटाला पोट लावून वर चढते, अंडी पाण्यात सोडते आणि दोघे आपापल्या वाटेने जातात.

बांगाई कार्डिनल हा मासा मात्र दुसऱ्या टोकाला. त्याचा नर सुमारे तीन आठवडे अंडी तोंडात धरतो, फुटल्यावरही पिल्ले काही दिवस तिथेच राहतात, आणि तेवढा काळ तो जवळजवळ उपाशी असतो. आमच्या नराची हनुवटी सध्या फुगलेली आहे. आज अकरावा दिवस. काल संध्याकाळी त्याच्या आवडीचे मायसिस, म्हणजे कोळंबीसारखे बारके जीव, नाकासमोरून वाहत गेले, तेव्हा त्याने फक्त डोळे फिरवून त्यांच्याकडे पाहिले.