पारशी गाऱ्याची कोर: नवव्या आठवड्याची नोंद

गारा म्हणजे चिनी धर्तीचे रेशमी भरतकाम असलेली पारशी साडी; तिच्या कडेला लावायची भरलेली पट्टी, म्हणजे कोर, मी भरते आहे. मागच्या नोंदीच्या वेळी कोर २८ सेंटिमीटरवर थांबली होती. आज ती ६१ सेंटिमीटर भरून झाली आहे. एकूण लांबी ३ मीटर आणि रुंदी साडेसात सेंटिमीटर ठरवली असल्याने जेमतेम पाचवा हिस्सा पुरा झाला. मधल्या काळात दोन फुले मुळापासून उसवून पुन्हा भरली, आणि या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्या उसवण्यातूनच माझ्या हाताला कळली, म्हणून यावेळी तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

नमुना आमच्या शेजारच्या पारशी आजींकडच्या जुन्या कोरीवरून उतरवलेला आहे. त्यांच्या आजेसासूंची जांभळी साडी विरून गेली, तेव्हा घरातल्यांनी कोर तेवढी जपून उसवली आणि मलमलीत गुंडाळून ठेवली. आजींनी ती मला आठ दिवस वापरायला दिली. ट्रेसिंग पेपरवर नक्षी उतरवून, रेघा सुईने टोचून, पांढरी पावडर आणि रॉकेल यांचा बोळा फिरवून ती जांभळ्या रेशमावर छापली. ही पद्धत आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहेच.

पिओनी या दाट पाकळ्यांच्या मोठ्या फुलाच्या पाकळ्या मी सवयीप्रमाणे एकमेकींना भिडवून भरल्या आणि त्या वेगळ्या दिसाव्यात म्हणून कडेने गडद दोऱ्याची उलटी टीप घातली. फूल नीटस झाले, तरी जुन्या कोरीशेजारी ठेवल्यावर ते जड आणि निर्जीव दिसू लागले. भिंग लावून पाहिले तेव्हा लक्षात आले की मूळ फुलात कडेची रेघ मुळी नाहीच. दोन पाकळ्यांच्या मध्ये सुताएवढी कापडाची पट्टी मोकळी सोडलेली आहे आणि खालच्या रेशमाचा जांभळा रंगच तिथे रेघेचे काम करतो. चिनी भरतकामात या मोकळ्या जागेला ‘श्वेई-लू’ म्हणजे ‘पाण्याची वाट’ असे नाव आहे, आणि ती सर्वत्र सारख्या रुंदीची राखणे हे कँटनच्या, म्हणजे आजच्या ग्वांगझूच्या, कारागिरांचे वैशिष्ट्य मानले जाते. त्या प्रांतात हे काम प्रामुख्याने पुरुष करत असत, ही गोष्ट मला फार उशिरा कळली आणि आजही ती मनात घोळत राहते.

ही वाट राखण्यासाठी मी दोन बदल केले. छापतानाच पाकळ्यांमध्ये एका रेघेऐवजी दोन रेघा काढल्या, म्हणजे मोकळी जागा अंदाजावर राहत नाही. दुसरे म्हणजे कडेवरचे टोक नेहमी वरून खाली घातले. कडेवर सुई खालून वर काढली की ती नेमकी कुठे बाहेर पडणार हे दिसत नाही आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीनेही वाट वाकडी होते. वरून घालताना मात्र टोक डोळ्यासमोर असते. दोरा पीळ नसलेल्या रेशमाचा, त्यातली एकच सुटी केलेली तार घेतली आहे. असे रेशीम खरखरीत बोटांना लगेच अडकते, त्यामुळे बसण्याआधी साखर आणि खोबरेल तेल तळव्यांवर चोळून हात धुऊन घेते. दुसऱ्यांदा भरलेले फूल आजींना दाखवले, तेव्हा त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, “डिकरी, आता फूल श्वास घेते.”

हे फूल मुंबईच्या घरात कसे आले, याचा विचार केल्याशिवाय ते भरणे मला अपुरे वाटते. १७५७ पासून १८४२ पर्यंत पाश्चात्त्य व्यापाराला चीनमध्ये कँटन हे एकच बंदर खुले होते. मुंबईचे पारशी व्यापारी तिथे कापूस आणि माळव्याची अफू नेत, आणि परतताना चहा, रेशीम व चिनी मातीची भांडी आणत. ज्यांच्या देणगीतून पुढे १८५७ साली मुंबईची जे. जे. कलाशाळा उभी राहिली, त्या जमशेटजी जीजीभॉय यांनीही तरुणपणी चीनच्या अनेक सफरी केल्या होत्या. अफूचा उल्लेख गाळून गाऱ्याच्या सौंदर्याबद्दल लिहिणे मला योग्य वाटत नाही. ज्या व्यापारातून हे रेशीम आपल्याकडे आले, त्याच व्यापाराने चीनमधली असंख्य घरे उद्ध्वस्त केली, आणि कोर हातात घेताना या दोन्ही गोष्टींची जाणीव असावी असे मला मनापासून वाटते.

साडी हे वस्त्र चिनी कारागिराच्या ओळखीचे नव्हते. तरीही मुंबईच्या गिऱ्हाइकासाठी त्याने लांबच लांब रेशमाच्या चारी कडा भरून दिल्या, आणि पारशी पद्धतीत पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो म्हणून तो भाग विशेष दाट भरला जाऊ लागला. नंतरच्या काळातल्या साड्यांवर कमरेला खोचला जाणारा भाग मोकळा सोडलेला आढळतो. पुढे चिनी फेरीवाले पाठीवर गाठोडी घेऊन मुंबईत दारोदार कोरी विकू लागले. त्या विकत घेऊन साडीला शिवल्या जात, आणि हळूहळू सुरतेत आणि मुंबईत घरच्या बायकाही हे काम करू लागल्या. विसाव्या शतकाच्या सुमारास त्यात युरोपीय पद्धतीच्या फिती, गुलाब आणि फुलांच्या परड्याही आल्या.

नक्षीची नावे मला या प्रवासाचा सर्वांत बोलका भाग वाटतात. चिनी भाषेत वटवाघूळ आणि सुखसमृद्धी या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘फू’ असाच आहे, म्हणून तिथल्या वस्त्रांवर वटवाघळे भरलेली असतात. मुंबईत आल्यावर मात्र तो श्लेष ऐकू येण्याचे कारणच उरले नाही. उलट पारशी घरांनी स्वतःची नावे दिली. पूल, मंडप आणि माणसे असलेली नक्षी ‘चीना-चीनी’ झाली, लहानमोठ्या गोल ठिपक्यांची ‘कांदा-पापेटा’ (कांदा-बटाटा) झाली, आणि बारीक पाकळ्यांच्या गोल फुलात बायकांना कोळी दिसला म्हणून तिला ‘करोलिया’ म्हणू लागले. कोंबडा तर दोन्हीकडे मानाचा, कारण पहाटेला साद घालणारा तो पक्षी पारशी धर्मातही पवित्र आहे.

आता गाठींबद्दल. जुन्या कोरीवरच्या फुलांचे मध्यभाग ‘खाखा’ने, म्हणजे अगदी बारीक गाठींनी भरलेले आहेत. (आपण नक्षीच्या आराखड्याला खाका म्हणतो, हा शब्द वेगळा.) आपल्या नेहमीच्या गाठीच्या टाक्यात दोरा सुईला दोनदा गुंडाळतो आणि गाठ मण्यासारखी उभी राहते. या चिनी टाक्यात दोऱ्याचा एकच फास सुईला घालायचा, सुई दोरा बाहेर आला त्याच्या अगदी शेजारी खाली न्यायची, आणि सुई कापडात अर्धी असतानाच फास डाव्या अंगठ्याने कापडावर दाबून धरायचा. नीट जमले तर मधोमध भोक असलेली चपटी, कडीसारखी गाठ उमटते. मी १ चौरस सेंटिमीटरमध्ये ४९ गाठी बसवू शकले आहे. जुन्या कोरीवर तेवढ्याच जागेत त्या याहून कितीतरी जास्त आहेत. या टाक्यापायी कारागिरांची दृष्टी जात असे, असे नेहमी सांगितले जाते, आणि अर्धा तास काम केल्यावर डोळ्यांना जो ताण येतो त्यावरून ते सांगणे कशातून आले असेल हे समजते. मी दिवसाउजेडीच, २० मिनिटांपेक्षा जास्त नाही, एवढाच नियम ठेवला आहे.

एक नुकसानही नोंदवून ठेवते. छापलेली पावडर पुसण्यासाठी ओला कापूस फिरवला आणि जांभळ्या रेशमाचा रंग सुटून मलईरंगी दोऱ्यात उतरला. विकताना रंग पक्का असल्याचे सांगितले होते, पण तपासून घेण्याचे काम माझेच होते. डाग पडलेला ४ सेंटिमीटरचा भाग उसवावा लागला. आता पावडर कोरड्या, मऊ ब्रशनेच झटकते, आणि नवे रेशीम आणले की त्याचा कोपरा पांढऱ्या ओल्या कापडाखाली रात्रभर दाबून ठेवते.

याच काळात स्पेनमधल्या ‘मनिलाच्या शालीं’ची छायाचित्रे पाहत होते. त्याही मुळात कँटनमध्येच भरल्या जात. मनिलाहून मेक्सिकोतल्या अकापुल्कोला जाणारी स्पॅनिश गलबते १५६५ ते १८१५ या काळात चालत होती, त्या मार्गाने चिनी रेशीम स्पेनपर्यंत पोहोचे, आणि शालीला नाव मात्र वाटेतल्या बंदराचे मिळाले. स्पेनमध्ये मंडप आणि चिनी माणसे मागे पडून गुलाब मोठे झाले आणि कडेला लांब गोंडेदार झालर आली. मुंबईने पूल, पक्षी आणि माणसे ठेवून घेतली. एकाच शहरातल्या सुईने दोन दूरच्या गिऱ्हाइकांना दिलेली ही दोन उत्तरे शेजारीशेजारी ठेवून पाहावीत, अशी माझी सर्वांना विनंती आहे.

पुढचे काम करकोच्याचे आहे. चीनमध्ये तो दीर्घायुष्याचे चिन्ह आहे, आणि आजींच्या कोरीवर दर दोन फुलांनंतर एक करकोचा मान वळवून मागे पाहतो. त्याच्या पंखात पांढऱ्याशेजारी पांढरेच पीस येते, म्हणजे रंग बदलून सुटका नाही; प्रत्येक पिसाच्या मध्ये पाण्याची वाट सोडावी लागेल, आणि मोजल्यावर एका पंखात अशा १७ वाटा निघाल्या. त्यांच्या दुहेरी रेघा काढून ट्रेसिंग टोचून ठेवले आहे, कापड कारचोबावर, म्हणजे भरतकामाच्या लाकडी चौकटीवर, पुढे सरकवून ताणले आहे, आणि रविवारी सकाळी मानेपासून सुरुवात करीन.